व्हॅनिटी फेअर: हा निवेदक नक्की कुणाच्या बाजूने आहे?

कासवछाप:
स्पॉयलर आहेत, भरपूर आहेत. १८४८ साली संपलेल्या कादंबरीला इशारा कसला द्यायचा म्हणा, तरी देतेय, नंतर ओरडू नका.

थॅकरेची व्हॅनिटी फेअर ही इंग्रजी कादंबरी वाचून संपवली. ६७ प्रकरणं, ठोकळाच आहे. गोष्ट थोडक्यात अशी की चिझिकच्या एका शाळेतून दोन मुली बाहेर पडतात, एक अमेलिया सेडली, शेअरबाजारातल्या श्रीमंत बापाची, गोड, भोळी, कॅनरी पक्षी मेला तरी रडणारी, आणि दुसरी बेकी शार्प, चित्रकाराची पोर, आईबाप दोघं गेलेले, जवळ दमडी नाही पण डोकं तल्लख आणि जीभ त्याहून तल्लख. पुढची पंधरा-वीस वर्षं या दोघी वरखाली होत राहतात, मधे वॉटर्लू होतं, लग्नं होतात, एकीच्या बापाचं दिवाळं निघतं.

पण मला गोष्टीबद्दल नाही, ती सांगणाऱ्या माणसाबद्दल बोलायचंय. एक प्रसंग सांगते म्हणजे कळेल. ६५वं प्रकरण. बेकी आता नवऱ्याने टाकलेली, लंडनने वाळीत टाकलेली, पुम्परनिकल नावाच्या एका (काल्पनिक) जर्मन संस्थानात हॉटेलच्या वरच्या मजल्यावरच्या कळकट खोलीत राहतेय. अमेलियाचा भाऊ जॉस तिला भेटायला येतो. दार वाजल्याबरोबर ही बाई रूजची डबी, ब्रँडीची बाटली आणि उरल्यासुरल्या मांसाची बशी पांघरुणाखाली सरकवते आणि मग त्याच पलंगावर बसून जॉसला आपली कर्मकहाणी ऐकवते. आणि निवेदक काय म्हणतो? तो म्हणतो की तिचं बोलणं ऐकून कुणालाही पटलं असतं की स्वर्गातून उतरलेली, शुभ्र वस्त्रांतली, दुष्टांच्या कारस्थानांना बळी पडलेली निष्कलंक देवता जर कुणी असेल तर ती इथे जॉससमोर पलंगावर बसली आहे, पलंगावर, ब्रँडीच्या बाटलीवर.

बास. वाक्य तिथेच संपवलंय. ती खोटं बोलतेय असं एका शब्दाने म्हटलेलं नाही, उलट तिची स्तुतीच चाललीय, फक्त शेवटच्या दोन शब्दांत सतरंजी ओढून घेतली.

आता माझा प्रश्न. पुस्तकाच्या सुरुवातीला हा माणूस म्हणतो की मी कठपुतळ्यांच्या खेळाचा मॅनेजर, ही सगळी माझी बाहुल्यांची टोळी. म्हणजे दोऱ्या त्याच्याच हातात. आणि ६२व्या प्रकरणात तोच म्हणतो की मी स्वतः पुम्परनिकलला गेलो होतो, तिथेच या लोकांना पहिल्यांदा पाहिलं, ओळख झाली. ६६ मधे तर कहर आहे, टेपवर्म नावाचा ब्रिटिश वकिलातीतला एक गॉसिपबहाद्दर जेवणाच्या टेबलावर बेकीची सगळी कुलंगडी सांगतो आणि निवेदक म्हणतो की मीही त्याच टेबलावर ही हकीकत ऐकली, माझ्या गोष्टीतला सगळा मालमसाला तिथलाच.

मग मला सांगा, टेपवर्मला बेकीच्या पांघरुणाखालची बाटली कशी दिसली?

गवतीचहा:
हा हा, शेवटच्या ओळीला +१००. ताई, मस्त धागा.

मला वाटतं ही चूक नाहीये, मुद्दाम केलंय. हा निवेदक देव नाहीच, चहाटळ आहे. आख्खं पुस्तक ऐकीव माहितीवर उभं आहे आणि आपण ६०० पानं त्या ऐकीव माहितीवर माना डोलावतो, बेकीला नावं ठेवतो, म्हणजे आपण कोण झालो? त्याच 'फेअर'मधले, जत्रेतले.

पहिल्याच प्रकरणात बघा, शाळेतून निघताना अमेलियाच्या मैत्रिणी गळ्यात पडून रडतात वगैरे लिहिताना तो मधेच थांबून म्हणतो, क्लबात बसून हे वाचणारे जोन्स साहेब आत्ता पेन्सिल काढून "फालतू, पाणचट" या शब्दांखाली रेघ मारत आणि बाजूला "अगदी खरं" असं लिहित असतील. मटण आणि अर्धा पाइंट वाइन पोटात गेलेले जोन्स साहेब. म्हणजे वाचकाने नाक मुरडायच्या आधीच याने त्याचं नाक धरलं. आणि गंमत म्हणजे जोन्स म्हणतोय ते खरंच आहे, तो भाग जरा पाणचटच आहे. आता पाणचट म्हणावं तर आपण जोन्स, न म्हणावं तर बावळट. दोन्हीकडून मेलो.

दगडोबा:
मी जोन्स. हजर.

१५० पानांनंतर सोडलं होतं हे पुस्तक आणि कारण हेच. एखादा सीन रंगायला लागला की हा बाबा मधे येऊन उभा राहतो, बंधूंनो भगिनींनो करत. अरे बाबा तू बाजूला हो, मला दिसू दे. जेन ऑस्टिन वाचा, तिचा उपरोध असा असतो की सुई टोचलेली कळत नाही, घरी गेल्यावर रक्त दिसतं. ती पात्राच्या डोक्यात शिरते आणि पात्राच्याच भाषेत पात्राची फजिती करते, तिला स्टेजवर यावं लागत नाही. थॅकरे म्हणजे विनोद सांगून झाल्यावर कोपराने ढोसून "कळला का?" विचारणारा काका.

कासवछाप:
@दगडोबा, ऑस्टिनशी तुलना होणारच होती, पण दोघांचं दुकान वेगळं आहे हो. ही कादंबरी पुस्तक म्हणून नंतर आली, आधी जानेवारी १८४७ ते जुलै १८४८ महिन्याच्या महिन्याला पातळ अंक निघायचे, पिवळं कव्हर, किंमत एक शिलिंग. प्रकाशक ब्रॅडबरी अँड इव्हान्स, म्हणजे पंच या विनोदी साप्ताहिकवालेच, आणि त्याच सुमाराला त्याच प्रकाशकाकडून डिकन्सची डॉम्बी अँड सन पण अशीच हप्त्याहप्त्याने येत होती. थॅकरे पंचमधे इंग्लंडमधल्या स्नॉब लोकांवर सदर लिहून नुकताच गाजला होता. म्हणजे मुळात सदरलेखक. दर महिन्याला वाचकाला भेटायचं, गेल्या महिन्याचा धागा हातात द्यायचा, दोन टोमणे मारायचे, हे त्याच्या अंगात होतं. सलग वाचताना त्याचं मधे येणं खुपतं हे मान्य, पण महिन्यातून एकदा दोन-चार प्रकरणं वाचणाऱ्याला तो ओळखीचा माणूस वाटत असणार.

आणि दीडशे पानं म्हणजे तुम्ही वॉटर्लूच्या आधीच उतरलात. गाडी तिथून पुढे पळते.

पाटीपेन्सिल:
थोडी भर घालतो. धाग्यात म्हटलंय की आधी तो कठपुतळीवाला होता आणि मग ओळखीचा झाला. पुस्तकात क्रम तसाच आहे, पण ते पडद्यापूर्वीचं मनोगत, ज्यात मॅनेजर आणि बाहुल्या आहेत, त्याखाली तारीख आहे २८ जून १८४८. म्हणजे ते शेवटच्या अंकाच्या वेळी लिहिलेलं आहे. अंक घेणाऱ्या मूळ वाचकाने दीड वर्षं ही माणसं खरी धरून वाचली, आणि अगदी शेवटी त्याला सांगण्यात आलं की या बाहुल्या होत्या, चला मुलांनो पेटी बंद करू. आपण उलटं वाचतो. आपल्याला आधीच सांगितलेलं असतं की बाहुल्या आहेत आणि तरी आपण रडतो.

त्या अंकांच्या कव्हरवरचं चित्रही बघण्यासारखं आहे. चित्रं थॅकरेनेच काढलीत. एक विदूषक उभा राहून लोकांना उपदेश करतोय, समोर जमलेल्या श्रोत्यांना गाढवाचे कान आहेत, आणि उपदेश करणाऱ्याला पण. आठव्या प्रकरणात तो वाचकाला सांगतो की कव्हरवरचे ते उपदेशक म्हणजे अस्मादिकच, आणि माझाही पोशाख माझ्या श्रोत्यांसारखाच लांब कानांचा आहे. आता हा माणूस प्रवचन देतो अशी तक्रार करायची असेल तर करा, पण कान लावून देतोय तो.

त्याच प्रकरणात नेपल्सच्या बंदरावरच्या एका कथेकऱ्याचं वर्णन आहे. तो आपल्याच गोष्टीतल्या खलनायकावर इतका चिडतो, इतक्या शिव्या घालतो की ऐकणारेही त्याच्याबरोबर शिव्या घालायला लागतात, आणि नेमक्या त्याच क्षणी टोपी फिरते आणि नाणी पडतात. आपल्याकडे कीर्तनात बरोबर रंगात आल्यावर आरतीचं ताट फिरतं ना, तस्सं. थॅकरे हे सांगतो आणि लगेच म्हणतो की मीसुद्धा माझ्या खलनायकांना असाच शिव्या घालणार आहे. धंद्याची युक्ती आधी उघड करून मग तीच वापरायची.

तिखटजाळ:
कुणी मिरचीबद्दल बोललंच नाही अजून??

तिसरं प्रकरण. जॉस सेडली हिंदुस्थानात कंपनी सरकारचा कलेक्टर आहे, बोगली वाला नावाच्या ठिकाणी (असं गाव कुठेही नाही, शोधू नका), दलदल, जंगल, वाघ, आणि बिघडलेलं लिव्हर घेऊन लंडनला आलाय. लठ्ठ, लाजाळू, भपकेबाज. बेकीने ठरवलंय याच्याशी लग्न करायचं. जेवायला जॉससाठी आईने खास करी केलीय. बेकी लाडे लाडे म्हणते, हिंदुस्थानातली आहे ना, मग मला चाखायलाच हवी, तिकडून येतं ते सगळं चांगलंच असणार. पहिल्या घासालाच डोळ्यांत पाणी. मग जॉस म्हणतो, सोबत चिली घ्या मिस शार्प. बिचारीला वाटतं काहीतरी थंड असेल, किती हिरवीगार आहे म्हणते आणि तोंडात टाकते. पुढचं तुम्हाला सांगायला नको. पाणी पाणी करत ओरडते आणि म्हातारा सेडली खो खो हसतो.

पण बघा हं, हा सीन नुसता फजितीचा नाहीये. ती अपमान करीबरोबर गिळते आणि दुसऱ्या मिनिटाला हसत म्हणते, मला अरबी सुरस कथांमधली इराणची राजकन्या आठवायला हवी होती, ती मलईच्या टार्टमधे मिरपूड घालायची, तुमच्या हिंदुस्थानात पण घालतात का हो? म्हातारा खूश. एका वाक्यात बाजी पलटवली. मला तर तिथेच ती आवडायला लागली.

आणि थॅकरेला हे जग माहीत होतं, ऐकीव नव्हतं. त्याचा जन्मच कलकत्त्याचा, १८११ चा, वडील कंपनीच्या नोकरीत. ते लवकर वारले आणि पोराला पाच-सहा वर्षांचा असताना इंग्लंडला धाडला. जहाज वाटेत सेंट हेलेनाला, म्हणजे नेपोलियन कैदेत होता त्या बेटावर थांबलं, बरोबरच्या नोकराने त्याला बागेत फिरणारा एक माणूस दाखवला आणि सांगितलं, हा बोनापार्ट, रोज तीन मेंढ्या खातो आणि हाताला लागतील तेवढी पोरं. हे त्याने स्वतःच नंतर लिहून ठेवलंय.

जॉसच्या आधीचा त्याचा एक नमुना तर आपल्या गल्लीतला आहे. १८३८-३९ मधे त्याने मेजर गहागन नावाच्या एका थापाड्याच्या आठवणी लिहिल्या, हा गडी अहमदनगरच्या घोडदळाचा मेजर आणि होळकराशी कसा लढलो याच्या गगनभेदी थापा मारतो. हिंदुस्थानातून परत आलेल्या साहेबांची फेकाफेक ऐकतच मोठा झालेला माणूस आहे हा.

नीरा_:
जॉसच्या थापांचा कळस वॉटर्लूला आहे. साहेब लष्करात नाहीत तरी ब्रसेल्सला जाताना मिशा वाढवून, लष्करी थाटाचा कोट घालून गेलेत. तोफांचे आवाज ऐकू आल्यावर पहिलं काम काय तर मिशा भादरून टाकणे, कारण फ्रेंचांनी सैनिक समजून मारलं तर? मग बेकीकडून तिचे घोडे अव्वाच्या सव्वा किमतीला विकत घेऊन पळ काढला. आणि पुढे हेच साहेब कलकत्त्यात वॉटर्लू सेडली म्हणून मिरवतात, लढाईच्या खडानखडा गोष्टी सांगतात.

आता याच भागाच्या शेवटचं वाक्य घ्या. आख्ख्या कादंबरीत लढाई दाखवलेलीच नाही, तो सरळ म्हणतो आमची जागा न लढणाऱ्यांत आहे. सगळं ब्रसेल्समधून, बायकांच्या, नोकरांच्या, पळपुट्यांच्या नजरेने. ३२व्या प्रकरणाच्या शेवटी तोफा थांबतात, रणांगणावर आणि शहरावर अंधार पडतो, अमेलिया नवऱ्यासाठी, जॉर्ज ऑसबर्नसाठी प्रार्थना करत असते, आणि जॉर्ज छातीत गोळी लागून पालथा मरून पडलेला असतो. एकाच वाक्यात. ना टोमणा, ना बंधूंनो, ना कोपरखळी. @दगडोबा, जो माणूस चारशे पानं बडबडतो त्याने गप्प बसल्यावर काय होतं ते इथे बघा. बडबड्याच नसता तर ही शांतता ऐकू आली नसती.

आणि उपरोध अजून संपलेला नाहीच. ज्या जॉर्जसाठी प्रार्थना चालू आहे त्याने तीनच दिवसांपूर्वी बॉलच्या (नाचाच्या समारंभाच्या) रात्री फुलांच्या गुच्छात चिठ्ठी लपवून बेकीला आपल्याबरोबर पळून यायला सांगितलंय. हे आपल्याला माहीत आहे, अमेलियाला पुढे पंधरा वर्षं माहीत नाही.

किल्लेदार:
दगडोबांच्या बाजूने पण कुणीतरी बोला की, बिचारे एकटे पडलेत. :)

ओवी:
मी बोलते, पण वेगळ्या कारणासाठी.

तो निवेदक स्वतःला गाढवाचे कान लावतो वगैरे छान आहे, पण ते कान त्याला हवे तिथेच दिसतात. मिस स्वार्ट्झ आठवते का? वेस्ट इंडीजमधल्या सेंट किट्स बेटाची श्रीमंत वारस मुलगी, मिश्र वंशाची, शाळेत तिच्याकडून दुप्पट फी घेतात. जॉर्जच्या बापाला तिच्या पैशासाठी ती सून म्हणून हवी. इथे उपरोध झकास आहे, पैशापुढे म्हाताऱ्या ऑसबर्नला रंग दिसत नाही, त्याच्या मुली तिच्या गळ्यात गळे घालतात, कालपर्यंत अमेलियाच्या गळ्यात घालायच्या. पण निवेदक स्वतः तिच्या केसांवर, तिच्या कपड्यांवर, तिच्या भाबडेपणावर जे विनोद करतो त्यात कुठला उपरोध आहे? जॉर्ज तिच्याबद्दल जे घाण बोलतो ते पात्राच्या तोंडी आहे असं म्हणून सोडता येईल, निवेदकाचं काय? तिथे तो त्याच्या काळातल्या कुठल्याही साहेबासारखाच हसतोय. सेडलींच्या घरातल्या काळ्या नोकराचं नाव सॅम्बो ठेवलंय, त्याला तर पाणी आणण्यापलीकडे फारसं कामच नाही.

"सगळे आपण एकाच जत्रेतले" हे ऐकायला छान वाटतं पण जत्रेत काहींना तिकीट काढून यायला मिळतं आणि काहींना आणून उभं केलं जातं.

पाटीपेन्सिल:
ओवी, मुद्दा बिनतोड आहे. मी फक्त एवढंच जोडेन की त्या मुलीला त्याने मनापासून प्रेम करणारी मुलगी पण केलंय, अमेलिया निघताना ती इतकी रडते की डॉक्टर बोलवावा लागतो. पण तो प्रसंगही हशासाठीच वापरलाय हे खरं. तिची माया खरी आणि तीच हास्यास्पद.

ओवी:
हो ना. आणि तिच्या बापाचा पैसा कुठून आला, तर गुलामांचा मालक होता म्हणे, एवढं जॉर्ज एकदा जाता जाता बोलतो, त्यापुढे प्रकरणांमागून प्रकरणं वाचत गेलात तरी कुणी विचारत नाही, ना म्हातारा ऑसबर्न, ना निवेदक. वेस्ट इंडीजमधला साखरेचा पैसा कसा यायचा ते १८४७ च्या वाचकाला पक्कं माहीत होतं, गुलामगिरी कायद्याने बंद होऊन १४ वर्षंच झाली होती.

दगडोबा:
ओवीताई, धन्यवाद, पण माझी तक्रार इतकी थोर नव्हती, मला नुसता कंटाळा आला होता.

तरी एक कबूल करतो. एक तुकडा मला आमच्या सरांनी कॉलेजात वाचून दाखवला होता, वर्षाला शून्य रुपये उत्पन्नावर ऐटीत कसं राहावं, असं काहीतरी शीर्षक होतं. तो भारी होता.

कासवछाप:
३६वं प्रकरण! मला वाटतं तीच या कादंबरीतली सगळ्यात जळजळीत पानं. बेकी आणि तिचा नवरा रॉडन क्रॉली लंडनमधे कर्झन स्ट्रीटवर झोकात राहतात, पार्ट्या, घोडागाडी, नोकरचाकर, आणि उत्पन्न शून्य. निवेदक आधी पाककृती सांगावी तसं मजेत सांगतो की बघा कसं जमतं, आपल्या ओळखीत पण अशी माणसं असतात, आपण त्यांच्याकडे जेवतो आणि मनात म्हणतो यांना परवडतं कसं, आणि तरी जेवतो. मग पुढच्या, ३७व्या प्रकरणात हळूच रॅगल्स येतो. कित्येक वर्षं क्रॉली घराण्यात बटलर होता, पैसा पैसा साठवून ते घर घेतलं, आणि घराण्यावरच्या निष्ठेने या दोघांना भाड्याने दिलं. भाडं नाही, वाण्याचं बिल नाही, वर तोच त्यांना पुरवतोय. शेवटी त्याची पोरं रस्त्यावर आणि तो कर्जबाजाऱ्यांच्या तुरुंगात. हे सांगताना आवाज तोच, हसरा. साहेबांना फुकट राहायचं असेल तर पैसे कुणीतरी भरायलाच लागतात ना, मग ते या रॅगल्सने भरले, एवढंच. तो चिडत नाही म्हणून आपण चिडतो.

म्हणून माझं मत असं की तो बेकीच्या बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही, तो तिच्या घरी जेवून आलेला पाहुणा आहे. तिच्या बुद्धीवर खूश, पुलाव छान होता म्हणतो, आणि बाहेर पडल्यावर बिल कुणी भरलं तेही सांगतो. पण जेवला तर आहे.

गवतीचहा:
म्हणूनच तो तिच्यावर निकाल देत नाही बहुतेक. ५३व्या प्रकरणात रॉडन तुरुंगातून सुटून अचानक घरी येतो आणि बेकीला हिऱ्यांनी मढलेली, तिच्या श्रीमंत चाहत्याबरोबर, लॉर्ड स्टाइनबरोबर बघतो. मारामारी, हिरे फेकून देणं, सगळं होतं. आणि शेवटी निवेदक विचारतो, ती दोषी होती का? ती म्हणाली नाही, पण या ओठांतून येणारं खरं काय हे कुणी सांगावं. अहो तुम्ही मॅनेजर ना? दोऱ्या तुमच्या हातात ना? तुम्हाला नाही माहीत तर कुणाला?

पण त्याच सीनमधे एक गोष्ट तो ठामपणे सांगतो, की नवरा स्टाइनला ठोसा मारतो तेव्हा बेकी थरथर कापत असताना त्याच्याकडे कौतुकाने बघते. तिचा संसार त्या क्षणी बुडतोय आणि तिला नवरा पहिल्यांदा आवडतोय. हे मात्र टेपवर्मला कळणं शक्य नाही!

नीरा_:
अमेलियावर कुणी फार बोललं नाही. माझ्या मते खरा सुरा तिच्यावर चाललाय, बेकीवर नाही. बेकीला तर तो हसतखेळत झोडपतो, अमेलियाची मात्र पानंपानं आरती करतो, माझी लाडकी, माझी गुणाची, आणि शेवटी पंधरा वर्षं तिच्या मागे फिरलेल्या डॉबिनशी तिचं लग्न लागतं तेव्हा तिला निरोप देताना काय म्हणतो, पुन्हा हिरवी हो, कोवळ्या बांडगुळा, त्या जुन्या ओकला बिलगून. बांडगूळ! आशीर्वादात!

आणि ते लग्न तरी कसं लागतं. बेकी शेवटी वैतागून ती जॉर्जची चिठ्ठी तिच्यासमोर टाकते की ज्याच्या फोटोची पूजा करतेस तो हा असा होता. बेकीचं आयुष्यातलं एकमेव निस्वार्थी काम म्हणावं असं. आणि अमेलिया लाजत सांगते की मी डॉबिनला आज सकाळीच पत्र पाठवलंय. म्हणजे त्या चांगल्या कामाची गरजच नव्हती. बेकी खदाखदा हसते. मी पण हसले आणि मग जरा वाईट वाटलं.

डॉबिनचं काय होतं ते तर अजून बारीक आहे. त्याला मुलगी होते, तो तिच्यावर जगात सगळ्यात जास्त जीव लावतो, अगदी तो लिहित असलेल्या पंजाबच्या इतिहासापेक्षाही. माझ्यापेक्षाही, असं अमेलिया सुस्कारा टाकून मनात म्हणते. पण तो तिच्याशी कधी एक शब्द वावगा बोलला नाही. ज्याला हवं ते मिळालं त्याची ही अवस्था.

किल्लेदार:
*पूजेतल्या फोटोच्या जागी छोटं हाताने काढलेलं चित्र वाचावे, १८१५ ला फोटो नव्हते, हुश्श.

नीरा_:
किल्लेदार, तुम्ही समासात पेन्सिलने लिहिणारे जोन्स का?

पाटीपेन्सिल:
अवांतर: शीर्षक बन्यनच्या पिलग्रिम्स प्रोग्रेसमधून घेतलंय, त्यात यात्रेकरूंना वाटेत ही जत्रा लागते जिथे मानमरातब, राज्यं, बायका, नवरे, जीव, सगळं विकायला ठेवलेलं असतं. ते पुस्तक मराठीत फार लवकर आलं होतं, हरि केशवजींचं यात्रिकक्रमण, १८४१. म्हणजे थॅकरेचा पहिला अंक निघायच्या सहा वर्षं आधी मराठी वाचकाला ती जत्रा छापील मिळत होती. फरक एवढा की बन्यनच्या जत्रेतून ख्रिश्चन नावाचा यात्रेकरू बाहेर पडतो आणि पुढे स्वर्गाची वाट असते. थॅकरेच्या जत्रेला दुसरं दार नाही.

आळशी_वाचक:
मी फक्त मीरा नायरचा सिनेमा पाहिलाय, २००४ चा. त्यात बेकी शेवटी जॉसबरोबर हिंदुस्थानात येते, हत्तीवर बसते, आनंदीआनंद. पुस्तकात असं नाही का?

तिखटजाळ:
अजिबात नाही हो भाऊ! सिनेमात तिला नायिका केलीय, पुस्तकाच्या शीर्षकपानावरच लिहिलंय की नायक नसलेली कादंबरी. पुस्तकात जॉस घाबरलेला असतो. डॉबिन त्याला भेटायला जातो तेव्हा तो गयावया करतो की तिला कळू देऊ नका, ती मला मारून टाकेल. डॉबिन म्हणतो हिंदुस्थानात परत जा, तो म्हणतो हो जातो, आणि तीन महिन्यांत खलास. सगळी मालमत्ता उडालेली, उरतो फक्त दोन हजार पौंडांचा विमा, त्यातला अर्धा बेकीला. विमा कंपनीचा वकील म्हणतो इतकी काळीकुट्ट केस माझ्या समोर कधी आली नव्हती. तरी बेकी पैसे घेतेच.

किल्लेदार:
म्हणजे मारलं की नाही?

पाटीपेन्सिल:
मजकुरात कुठेही नाही. पण त्या जॉस-डॉबिन भेटीचं चित्र थॅकरेने काढलंय, जॉस हात जोडतोय आणि पडद्यामागे बेकी लपून उभी आहे. खाली लिहिलंय, बेकीचा क्लायटेम्नेस्ट्राच्या भूमिकेत दुसरा प्रवेश. क्लायटेम्नेस्ट्रा म्हणजे ग्रीक पुराणात नवऱ्याला मारणारी राणी. पहिला प्रवेश आधी लॉर्ड स्टाइनच्या घरच्या नाटकात होऊन गेलाय, तेव्हा सगळ्या लंडनने टाळ्या वाजवल्या होत्या. म्हणजे निवेदक गप्प आणि चित्रकार बोलतोय, आणि दोघं एकच माणूस.

शिवाय, बेकीच्या वकिलांची नावं बघा. बर्क, थर्टेल आणि हेज. तिन्ही नावं इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या गाजलेल्या खुन्यांची आहेत. बर्क म्हणजे एडिंबरोचा, माणसं मारून प्रेतं डॉक्टरला विकणारा. थर्टेलला १८२४ मधे फाशी झाली. कॅथरीन हेज नवऱ्याच्या खुनाबद्दल १७२६ मधे जाळली गेली, आणि तिच्यावर थॅकरेने आधी आख्खी एक कादंबरी लिहून झालेली होती. तेव्हाच्या वाचकाला ही नावं दिसल्याबरोबर कळली असणार, आपल्याला ती फर्मच्या नावाची पाटी वाटते.

दगडोबा:
हे असं आहे होय. पण मग मला सांगा, तो मधे मधे येऊन एवढं बोलतो आणि नेमकं जे सांगायला हवं तेच वकिलांच्या पाटीवर लिहितो, हा भामटेपणा नाही का? ऑस्टिनने असं केलं नसतं.

कासवछाप:
ऑस्टिनच्या पुस्तकात विम्यासाठी कुणी मेलं पण नसतं. भामटेपणा आहेच, त्याने नाही कुठे म्हटलंय?

तिखटजाळ:
बरं, अहमदनगरच्या मेजरवर वेगळा धागा काढू का? छोटं पुस्तक आहे, दगडोबा पण संपवतील.

दगडोबा:
काढा. त्यात तरी निवेदक गप्प बसतो का?

तिखटजाळ:
त्यात मेजर स्वतःच निवेदक आहे आणि श्वास घ्यायला पण थांबत नाही.